फीची तारीख ऑगस्टात, उसाचं बिल जानेवारीत: पुण्यात शिकणाऱ्या पोरांची फी वेळेवर भरायची कशी?

इंदापूरकर | 2 ऑगस्ट, रात्री 10:47

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज लिहायची वेळ आली.

धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाजगी कॉलेज, नाव नको, पण नंबर कॅप राऊंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरी) लागलेला. वर्षाची फी 1 लाख 18 हजार. आम्ही ओपनमधले, उत्पन्नाचा दाखला आहे, त्यामुळे ईबीसीची (आर्थिक मागासांची) सवलत मिळते. तरी आमच्या वाट्याला 68 हजार येतात. काल त्यांच्या ग्रुपवर नोटीस पडली. 12 ऑगस्टपर्यंत फी भरा, त्यानंतर दिवसाला 100 रुपये दंड, आणि फी बाकी असेल तर परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही.

घरी दोन एकर ऊस. कारखान्याचं धुराडं पेटणार दिवाळीच्या आगेमागे, आमची तोड येणार डिसेंबर-जानेवारीत. सोसायटीचं पीककर्ज खतात गेलं. मी चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. हातात 17 हजार पडतात, त्यातले 6 खोली आणि डब्याचे. अण्णा म्हणतात "बघू". अण्णांच्या "बघू"चा अर्थ गावातला सावकार, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

पैसा येतो हो, पण फीच्या तारखेला येत नाही. तुम्ही लोकांनी हे कसं निभावलं?

---

पेठेतली_मावशी | 2 ऑगस्ट, रात्री 11:15

अरे, सावकाराकडे जाऊ देऊ नकोस त्यांना. आमच्याकडे पंचवीस वर्षं कॉट बेसिसवर मुलं राहतात. दर ऑगस्टला एकाचा तरी चेहरा असा उतरलेला असतो. इथे कॉलेजच्या ऑफिसात काम केलेले लोक आहेत, सकाळपर्यंत थांब. जेवलास का?

---

खडूस_क्लार्क | 3 ऑगस्ट, सकाळी 6:20

मावशींनी बोलावलं, आलो.

एका कॉलेजच्या अकाउंट सेक्शनला 31 वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. शिव्या पुष्कळ खाल्ल्या, त्यातल्या काही रास्तही होत्या. खिडकीबाहेरच्यांना जे कोणी सांगत नाही ते सांगतो.

पहिली गोष्ट, खिडकीवर तोंडी बोलून काही होत नाही. "सर, थोडे दिवस द्या ना" याला खिडकीवर उत्तर एकच, "नाही". कारण हो म्हणायचा अधिकारच तिथल्या माणसाला नसतो. तो प्राचार्यांना किंवा संस्थेच्या कार्यालयाला असतो. म्हणून साधा अर्ज लिहायचा, प्राचार्यांच्या नावे, एक पान. त्यात चार गोष्टी हव्यात: आज किती भरतो, उरलेली रक्कम किती, ती कुठल्या तारखेला भरणार आणि पैसे तेव्हा कुठून येणार. बहुतेक मुलं "घरची परिस्थिती हलाखीची असल्याने" एवढं लिहून थांबतात. हलाखी सगळ्यांचीच असते, तिच्यावर सही करता येत नाही. तारखेवर करता येते.

अर्जाच्या दोन प्रती. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. हा शिक्का 12 तारखेच्या आधीचा असेल तर तुम्ही मुदतीत विचारणा केलीत. 13 तारखेचा असेल तर तुम्ही थकबाकीदार. कागद तोच, पण वाचणारा माणूस वेगळ्या नजरेनं वाचतो.

दुसरं, रिकाम्या हातानं जायचं नाही. 20-25 हजार तरी भरायचे आणि पावतीवर "अंशतः" लिहून घ्यायचं. वर्षाअखेर थकबाकीच्या याद्या निघतात तेव्हा ज्याच्या नावापुढे काहीतरी जमा आहे त्याला फोन जातो, ज्याच्यापुढे शून्य आहे त्याला नोटीस.

तिसरं, फीची फोड मागा. ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, अनामत किती, इतर किती. तुमच्या आकड्यांवरून माझा अंदाज, ट्यूशन 1 लाख, त्याची निम्मी माफ, आणि वरचे 18 हजार डेव्हलपमेंट वगैरे. सवलत ट्यूशनवर मिळते, एकूण फीवर नाही. इथेच निम्म्या पालकांचा हिशेब चुकतो आणि मग ऑगस्टमध्ये धावपळ होते. खाजगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी 2015 च्या कायद्याप्रमाणे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर आकडे त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळतात. मंजूर फीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि एका वर्षापेक्षा जास्त फी एकदम घेता येत नाही. भांडायला जाऊ नका, पण आकडा खिशात असू द्या.

---

स्पष्टवक्ता_कोथरूड | 3 ऑगस्ट, सकाळी 9:02

कटू वाटेल, पण झेपत नसेल तर खाजगी कॉलेज घ्यायचंच कशाला? सरकारी कॉलेजं आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. सगळ्यांना पुणेच हवं.

---

एफसी_रोड_पायी | 3 ऑगस्ट, सकाळी 9:11

साहेब, कॅप राऊंडला पर्सेंटाइलप्रमाणे जे मिळतं ते घेतात. कोथरूडच्या गॅलरीतून ते दिसत नसेल.

---

पेठेतली_मावशी | 3 ऑगस्ट, सकाळी 9:30

भांडू नका रे. विषयाला धरून बोला.

---

बँकवाला_बाप्या | 3 ऑगस्ट, दुपारी 1:40

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, शैक्षणिक कर्जाचं टेबल चार वर्षं माझ्याकडे होतं.

सगळे सांगतील एज्युकेशन लोन काढ. चांगलं आहे, पण तुझ्या या प्रश्नाला ते उत्तर नाही. 12 तारखेला नऊ दिवस राहिलेत आणि या दिवसांत आमच्याकडे अर्जांचा ढीग असतो. बोनाफाईड, फीचं मागणीपत्र, आधीच्या वर्षाच्या मार्कशीट, वडिलांचे कागद, सिबिल... अण्णांचं सोसायटीचं कर्ज थकीत नसेल तरच पुढे सरकेल, कारण सहकर्जदार तेच असणार. मंजुरी मिळाली तरी पैसे कॉलेजच्या खात्यात जातात, तुझ्या नाही. तेव्हा कर्ज काढायचं तर पुढच्या दोन वर्षांसाठी काढा आणि आत्ताच तयारीला लागा.

माहितीसाठी सांगतो, 4 लाखांपर्यंत मार्जिन (आपल्या खिशातून घालायचा हिस्सा) नाही आणि तारणही नाही. साडेसात लाखांपर्यंतही तारण मागत नाहीत. हप्ता कोर्स संपून एक वर्षानं सुरू होतो, तोवर सरळव्याज लागतं. घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कोर्स नॅक किंवा एनबीए या गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थांच्या मान्यतेत बसत असेल तर त्या काळातल्या व्याजाला केंद्राची सबसिडी आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी वेगळी. ती निवडक संस्थांसाठी (सुरुवातीला 860 होत्या), विनातारण, विनाजामीन. त्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सूट. भावाचं कॉलेज यादीत आहे का ते विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघ. आणि एक चूक टाळा: पहिल्या वर्षी लोन घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षी समजतात की पैसे आपोआप जातील. जात नाहीत. दरवर्षी मार्कशीट आणि नवं मागणीपत्र घेऊन शाखेत यावं लागतं. निकाल लागला की त्याच आठवड्यात या.

आता तुझ्या चार-पाच महिन्यांच्या अडचणीबद्दल. घरात सोनं असेल तर सोनेतारण. हिशेब मांडतो, 50 हजार, पाच महिने. बँकेत 10 टक्क्यांनी धरलं तरी व्याज सुमारे 2,100. सावकाराकडे महिना 3 टक्क्यांनी साडेसात हजार. आणि काहीच न करता दिवसाला 100 दंड भरत बसलास तर 15 हजार. सावकारही परवान्याचा आहे का ते बघ. 2014 च्या कायद्यानं परवाना लागतो, आणि गावात बहुतेकांकडे तो नसतो.

---

इंदापूरकर | 3 ऑगस्ट, रात्री 9:55

क्लार्क काका, फोड तंतोतंत तीच निघाली. ट्यूशन 1 लाख, डेव्हलपमेंट 10 हजार, बाकी 8. तुम्ही आमच्याच कॉलेजात नव्हतात ना?

बाप्या सर, सोनं म्हणजे आईची बोरमाळ. बहिणीच्या लग्नात एकदा ठेवली होती, सोडवायला तीन वर्षं लागली. आई लगेच देईल, म्हणूनच विचारवत नाही.

---

बार्शीची_पोर | 3 ऑगस्ट, रात्री 10:20

विषय निघालाच आहे म्हणून. धाग्यावर मुलींचे पालक असतील तर त्यांनी वाचा. जुलै 2024 च्या शासन निर्णयापासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. कॅपमधून प्रवेश हवा, मॅनेजमेंट कोटा चालत नाही. माझ्या वर्गातल्या दोघींनी तरीही पूर्ण फी भरली, कारण खिडकीवर "आधी भरा, शासनाकडून आल्यावर परत करू" असं सांगितलं. असं आधी भरून घेऊ नका अशा सूचना सरकारने कॉलेजांना दिलेल्या आहेत. मी शासन निर्णयाची प्रिंट काढून नेली, खिडकीवर ठेवली आणि गप्प उभी राहिले. दहा मिनिटांत काम झालं. डेव्हलपमेंट फी मात्र भरावी लागली.

---

एफसी_रोड_पायी | 4 ऑगस्ट, रात्री 12:05

मी भारत सरकार शिष्यवृत्तीवाला, एससी, एमएस्सीला. माझी गोष्ट जरा वेगळी आणि गाढवपणाची आहे.

आमच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि मग आपण कॉलेजला भरायचा. गेल्या वर्षी महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल) पैसे जमा दाखवतायत, खात्यात मात्र काही नाही. पासबुक तीनदा भरून आणलं. कॉलेज म्हणतं भरा, समाजकल्याण म्हणतं दिले. दोन महिने मी या दोघांच्या मधे. शेवटी बँकेतल्या एका ताईंनी आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते तपासलं. कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेतला होता, तेव्हा माझ्या नावानं एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं. आधार त्याला जोडलेलं. सगळी शिष्यवृत्ती त्या खात्यात निवांत पडून होती, आणि मी मेसचे पैसे उसने मागत फिरत होतो!

तर मंडळी, डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधार शेवटचं ज्या खात्याशी जोडलं त्यात जातात. आधारच्या वेबसाइटवर "बँक सीडिंग स्टेटस" दोन मिनिटांत दिसतं. आज रात्रीच बघा.

आणि पैसे आले की त्याच दिवशी कॉलेजला भरा. माझ्या रूममेटनं त्यात नवा फोन घेतला, आता हप्त्यानं फी फेडतोय.

---

खडूस_क्लार्क | 4 ऑगस्ट, सकाळी 6:05

वरच्या मुलानं लाखाचं सांगितलं. पुस्ती जोडतो.

कागदांचं काम मे महिन्यात करायचं. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपतो, म्हणजे एप्रिलपासून नवा काढता येतो. जुलैत सेतू केंद्रात जी रांग लागते ती एप्रिलमध्ये नसते. डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअर, रेशनकार्डाची प्रत, हमीपत्र, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. ईबीसीला कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो, ते हमीपत्रही लागतं. दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरायचा असतो. तो भरला नाही की सवलत गेली आणि पूर्ण फीची मागणी आली. "सर, मला वाटलं आपोआप होतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पोरगं तोंड उघडायच्या आधी ओळखायचो.

अर्ज भरला की संपलं असंही नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला अडकतो. त्रुटी काढून परत पाठवलेला असतो आणि मुलगा महिनाभर उघडून बघत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करा.

---

मगरपट्टा_नाईटशिफ्ट | 4 ऑगस्ट, पहाटे... सॉरी, सकाळी 7:30

मोबाईलवरच्या "पाच मिनिटांत कर्ज" ॲपच्या वाटेला जाऊ नका, भावालाही सांगा. मी थर्ड इयरला फीसाठी 15 हजार मागितले, हातात साडेअकरा आले, सात दिवसांत 15 परत. आठव्या दिवशी माझ्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज गेले. दहावीच्या गणिताच्या सरांनासुद्धा. सरांनी फोन करून विचारलं, "किती कमी पडतायत?" मीच त्यांना आधी विचारलं असतं तर.

---

आयटीतला_आप्पा | 4 ऑगस्ट, सकाळी 11:48

भरायचं ठरलं की भरणार कसं, त्यावर कुणी बोललंच नाही.

शेवटच्या दिवशी ऑनलाइन भरू नका. कॉलेजची साइट त्या दिवशी हमखास झोपते. यूपीआयची नेहमीची मर्यादा 1 लाख. शिक्षणसंस्थांसाठी ती 5 लाख केलेली आहे, पण कॉलेजचं खातं त्या वर्गात नोंदवलेलं असेल तरच. शिवाय ॲप नव्या फोनवर घेतलं असेल तर पहिले 24 तास 5 हजारांवर जाऊ देत नाही. पोरं फोन बदलतात आणि दुसऱ्या दिवशी फी भरायला बसतात!

पैसे कापले गेले आणि स्क्रीनवर "पेंडिंग" आलं तर लगेच पुन्हा भरू नका. स्क्रीनशॉट आणि यूटीआर (त्या व्यवहाराचा) नंबर ठेवा. यूपीआयनं केलेलं पेमेंट अडकलं तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेनं द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. बँकेलाही 100 रुपये दंड असतो, हे वाचून फार बरं वाटलं होतं.

डीडी काढणार असाल तर नाव पावतीवरून उतरवून घ्या. कॉलेजचं नाव वेगळं, सोसायटीचं वेगळं. माझ्या मुलीचा डीडी एका "ज्" साठी परत आला. डीडीची मुदत तीन महिने.

---

पेठेतली_मावशी | 4 ऑगस्ट, दुपारी 3:10

इंदापूरकर, भावाला राहण्या-जेवणाचा खर्च किती येतो? फी जमत नाही तेव्हा लोक फीकडेच बघत बसतात. महिन्याची खोली आणि मेस मिळून वर्षाला फीच्या वर जाते. विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत पुण्यात, डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली, खेड्यातून आलेल्या मुलांसाठीच. मुलाखत असते, तिथे कामाची शिस्त असते, पण खर्च खूपच कमी. आमच्याकडे राहून गेलेला एक मुलगा पुढे तिकडे गेला. माझं भाडं बुडालं, पण आनंद झाला. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजनाही कॉलेजात असेल तर विचारा. लायब्ररीत, ऑफिसात तासावर काम. त्यात फी निघत नाही, मेस निघते.

आणि बोरमाळीचं आईशी बोल. तिला परस्पर कळलं तर जास्त लागेल.

---

इंदापूरकर | 9 ऑगस्ट, रात्री 11:32

मंडळी, सविस्तर लिहितो, धीर धरा.

गुरुवारी हाफ डे टाकला. अर्ज क्लार्क काकांच्या सांगण्याप्रमाणे लिहिला, हलाखीचा "ह"सुद्धा नाही. आज 25 हजार, उरलेले 43 हजार 31 जानेवारीपर्यंत, उसाच्या बिलातून. सोबत सातबारा आणि कारखान्याकडच्या ऊसनोंदीची प्रत जोडली. 25 असे जमले: माझे 9, भावाने सुट्टीत मेडिकल स्टोअरला काम केलं त्याचे 6, आत्याचे 10. आईशी बोललो. ती म्हणाली, "बोरमाळ आहे तिथंच आहे, आधी साहेबाला विचारून तर बघा."

खिडकीवर अपेक्षेप्रमाणे, "असं काही नसतं." मी म्हटलं, आवक शिक्का तेवढा द्या. दिला. मग दीड तास प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकड्यावर. समोर भिंतीवर घड्याळ आणि त्याखाली "वेळ अमूल्य आहे".

आत गेलो. सरांनी अर्ज वाचला, सातबारा बघितला आणि विचारलं, "ऊस कुठला? शहाऐंशी-शून्य-बत्तीस?" मी म्हटलं, "नाही सर, दोनशे पासष्ट." म्हणाले, "तोड कधी?" म्हटलं, "जानेवारी धरलीय. बिल 14 दिवसांत." तेव्हा पहिल्यांदा हसले. "चौदा दिवस कायद्यात असतात बाळा. माझे वडीलपण घालायचे ऊस." मी लिहिलेली 31 जानेवारी खोडली आणि हिरव्या शाईनं 28 फेब्रुवारी केली. खाली लिहिलं, "विलंब शुल्क घेऊ नये. परीक्षा फॉर्म अडवू नये." सही.

तोच कागद घेऊन खिडकीवर गेलो. त्याच माणसानं वाचला आणि काही न बोलता पावती फाडली. 25 हजार, अंशतः.

बाप्या सर, पुढच्या दोन वर्षांच्या लोनसाठी बोनाफाईड तिथेच मागून घेतलं. भावाचं आधारही तपासलं, बरोबर खात्यालाच आहे. अण्णांना फोन केला. म्हणाले, "बरं." अण्णांचं "बरं" मी फार वर्षांनी ऐकलं.

---

बँकवाला_बाप्या | 10 ऑगस्ट, सकाळी 8:15

उत्तम. डिसेंबरात शाखेत ये, जूनची गर्दी नसते. सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ये.

---

स्पष्टवक्ता_कोथरूड | 10 ऑगस्ट, सकाळी 9:40

अभिनंदन. आधीच्या प्रतिसादाबद्दल माफ करा. माझ्या वडिलांनी माझी फी कशी भरली हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, काल विचारलं.

---

खडूस_क्लार्क | 10 ऑगस्ट, सकाळी 10:02

छान. पावती मशीनमधून निघालेली, चकचकीत कागदाची आहे का? त्यावरची शाई सहा महिन्यांत उडते. फेब्रुवारीत कोरा कागद दाखवत बसाल. झेरॉक्स काढून ठेवा. सरांच्या सहीच्या अर्जाचीही.

---

इंदापूरकर | 10 ऑगस्ट, सकाळी 10:09

काढली काका. तीन प्रती. एक अण्णांच्या ट्रंकेत जाणार.